न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये फारशी माहीत नसलेली आशियाई हॉटेले कशी शोधावीत?

तुम्ही तीन महिन्यांसाठी जर्सी सिटीत आला आहात, मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये जो-तो त्याच आठ-दहा नावांकडे बोट दाखवतो म्हणून आडबाजूची चिनी, मलेशियन आणि व्हिएतनामी ठिकाणे कशी सापडतील असे विचारता आहात, आणि पुढच्या महिन्यात येणारी आई शाकाहारी असून चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य करते, तेव्हा तिला तिथे नेता येईल का, हीही तुमची शंका आहे. मी हडसन नदीच्या याच काठावर चौदा वर्षे राहतो. बहुतेक शनिवारी पाथ रेल्वेने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरून तिथून पायी चायनाटाउन गाठणे हा माझा नेम झाला आहे, म्हणून थोड्या अधिकाराने लिहितो.

सुरुवातीची दोन वर्षे मीही छापील याद्या खिशात घालून फिरत असे. एका शनिवारी यादीतल्या पाच ठिकाणांपैकी तीन जागेवर नव्हती. एकाच्या जागी चहाचे गोड पेय विकणारे चकचकीत दुकान आले होते आणि दुसऱ्याच्या दारावर भाड्याने देणे असल्याची पाटी होती. त्या दिवशी भुकेपोटी जिथे शिरलो, तिथे माझ्याखेरीज कोणीही इंग्रजी बोलत नव्हते. तिथे मला जे जेवण मिळाले त्याने माझी शोधण्याची पद्धतच बदलली. तेव्हापासून मी हॉटेल शोधत नाही. ते कोणासाठी रांधते आहे, हे शोधतो. ते एकदा कळले की पाटीवरचे नाव, भिंतीवरचे फोटो आणि लोकांनी दिलेले तारे यांचे महत्त्व बरेच कमी होते. मात्र त्यासाठी या वस्तीत कोण केव्हा आणि कोठून आले, याची जुजबी कल्पना हवी.

मॉट, पेल आणि डॉयर्स हे तीन रस्ते म्हणजे जुने चायनाटाउन. तिथे आलेले बहुतेक लोक दक्षिण चीनमधल्या कँटन प्रांताचे, त्यातही तैशान या एकाच भागातले होते. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली. व्यापाऱ्यांना मात्र सूट होती. 1915 मध्ये एका न्यायालयाने हॉटेलमालकालाही व्यापारी मानायला मान्यता दिली आणि हॉटेल काढणे हा नातेवाइकांना कायदेशीरपणे इकडे आणण्याचा एक मार्ग होऊन बसला. चिनी हॉटेले अमेरिकाभर इतकी का पसरली, याचे एक कारण पाककलेत नसून या निकालात आहे. गिऱ्हाईक अर्थातच गोरे होते आणि पदार्थही त्यांच्या जिभेला मानवतील असे झाले. डॉयर्स स्ट्रीटवर 1920 पासून असलेले नॉम वा टी पार्लर आणि मॉट स्ट्रीटच्या तळघरात 1938 पासून चालणारे वो हॉप ही याच जुन्या भागातली नावे. दोन्हीकडे एकदा जरूर जा. प्रसिद्ध असणे हा काही दोष नव्हे. फक्त तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथे नाही.

ते उत्तर चॅटम स्क्वेअर ओलांडल्यावर सुरू होते. त्या चौकाच्या आसपास दोन पुतळे आहेत आणि या वस्तीचा अर्धा इतिहास त्यांच्यातच सांगून होतो. बावरी आणि डिव्हिजन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर 1976 मध्ये बसवलेला कन्फ्यूशियस आहे. तो जुन्या, कँटनी लोकांच्या संस्थांचा. थोड्या अंतरावर, ईस्ट ब्रॉडवेच्या तोंडाशी, 1997 मध्ये उभारलेला लिन झशू आहे. 1839 मध्ये ब्रिटिशांची अफू जप्त करून नष्ट करणारा हा अधिकारी मूळचा फूजियान प्रांतातल्या फूजौचा, आणि त्याचा पुतळा इथे उभा राहिला तो फूजौच्या लोकांची संख्या आणि वजन वाढल्यामुळे. (त्याने नष्ट केलेल्या अफूत माळव्याची, मुंबई बंदरातून कँटनला गेलेली अफूही होती, हे आठवले की त्या पुतळ्यापाशी मराठी माणसाला जरा अवघडल्यासारखे होते.) फूजौचे लोक मुख्यतः 1980 आणि 1990 च्या दशकांत आले. पुष्कळजण कर्ज काढून, दलालांना मोठ्या रकमा देऊन, चोरवाटेने आले. 6 जून 1993 रोजी गोल्डन व्हेंचर नावाचे जहाज 286 माणसांसह क्वीन्समधल्या रॉकवे किनाऱ्याशी वाळूत रुतले. पाण्यात उड्या टाकलेल्यांपैकी दहाजण दगावले. जहाजावरचे बहुतेक प्रवासी फूजियानचे होते. जुन्या वस्तीत जागा महाग आणि भाषा परकी, म्हणून या लोकांनी ईस्ट ब्रॉडवे, एल्ड्रिज स्ट्रीट आणि मॅनहॅटन ब्रिजच्या खालचा भाग धरला. आता त्यांच्यापैकी बरेचजण ब्रुकलिनच्या सनसेट पार्ककडे सरकले असले, तरी पुलाखालचे खाणे अजून त्यांचेच आहे.

या पुलाखाली थोडा वेळ नुसते उभे राहा, अशी माझी विनंती आहे. वरून गाड्यांचा धडधडाट चालू असतो आणि खाली, आसपासच्या गल्ल्यांत, नोकऱ्या मिळवून देणारी छोटी कार्यालये असतात. अमेरिकेतल्या लहानसहान गावांतल्या चिनी हॉटेलांना आचारी, तळणारे, भांडी घासणारे पुरवण्याचे काम इथून चालते. कार्यालयात लावलेल्या चिठ्ठ्यांवर गावाचे नाव बहुधा नसतेच. त्या भागाचा टेलिफोनचा कोड, पगार आणि बसने लागणारे तास एवढेच लिहिलेले असते. माणूस चिठ्ठी पाहतो, फोनवर बोलतो आणि त्याच संध्याकाळी ईस्ट ब्रॉडवेजवळून सुटणाऱ्या बसने निघून जातो. पुढचे कित्येक आठवडे तो परक्या गावात अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी गोडसर चिकन तळणार असतो. बस सुटण्यापूर्वी अर्धा तास हाताशी असताना त्याला काय खावेसे वाटेल, याचा विचार करा. त्याला झटपट मिळणारे, पोटभरीचे, स्वस्त आणि आईच्या हातच्यासारखे लागणारे हवे असते. पुलाखालची आणि एल्ड्रिज स्ट्रीटच्या आजूबाजूची चार-पाच टेबलांची हॉटेले मुळात याच माणसासाठी निघाली. म्हणून तिथे सजावट नाही, पदार्थ मोजके आहेत आणि ते हात बसलेल्या माणसाने केलेले असतात.

तिथे काय मागावे, हेही सांगतो. शेंगदाण्याच्या दाट रसात घोळलेल्या नूडल्स हा फूजौवाल्यांचा रोजचा नाश्ता. सोबत माशाच्या गोळ्यांचे पातळ सूप घेतात, आणि त्या गोळ्याच्या पोटात डुकराच्या मांसाचे सारण असते. आपल्याकडच्या दाण्याच्या आमटीची आठवण व्हावी असा तो शेंगदाण्याचा वास आहे, तिखट मात्र वरून स्वतः घालायचे असते. दुसरा एक पदार्थ कोठे दिसला तर सोडू नका. तांदळाचे वाटलेले पातळ पीठ मोठ्या कढईच्या तापलेल्या कडांवर ओततात, ते घावनासारखे धरले की उलथन्याने खरवडून खालच्या उकळत्या रश्श्यात ढकलतात. कोकणात घावन करताना तव्याला चिकटलेल्या तुकड्यांवर आम्ही भावंडे भांडत असू. इथे त्या तुकड्यांचाच पदार्थ झाला आहे. मधोमध भोक असलेल्या, भाजलेल्या छोट्या पावांबद्दल अशी आख्यायिका आहे की, मिंग काळातल्या छी जिग्वांग या सेनापतीच्या सैनिकांनी किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढताना ते दोरीत ओवून गळ्यात घातले होते. खरेखोटे कोण जाणे, पण पाव खिशात टाकून फिरायला सोयीचे आहेत, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

याच भागात पाटीवरच्या नावाने फसू नका. लांजौ हे वायव्य चीनमधले शहर हाताने ताणून केलेल्या नूडल्ससाठी प्रसिद्ध आहे, आणि मूळचा तो पदार्थ तिथल्या ह्वे मुसलमानांचा, म्हणजे गोमांसाच्या स्वच्छ रश्श्यातला. इथे मात्र ते नाव लावलेली अनेक दुकाने फूजौच्या लोकांनी काढली, म्हणून त्याच यादीत डुकराचे मांस आणि माशाचे गोळेही सापडतात. उडुपी पाटीखाली पावभाजी मिळते तसेच हे आहे. नूडल्स उत्तमच असतात. पण तुम्हाला गोमांस किंवा डुकराचे मांस चालत नसेल, तर पाटीवर भिस्त ठेवून चालणार नाही.

आता जागांविषयी. चायनाटाउनमध्ये रस्त्याला लागून असलेल्या गाळ्याचे भाडे लहान धंद्याला पेलत नाही, म्हणून छोटी हॉटेले आत, खाली किंवा कोणाच्या तरी पाठीमागे असतात. बावरीपासून एलिझाबेथ स्ट्रीटपर्यंत इमारतीच्या पोटातून जाणारी एक बोळवजा बाजारपेठ आहे. बाहेरून ती एखाद्या चाळीचा जिना वाटते. पुलाखालच्या ईस्ट ब्रॉडवे मॉलमध्येही असेच छोटे गाळे. ग्रँड स्ट्रीटवरचे बान मी सायगॉन हे व्हिएतनामी सँडविचचे दुकान पूर्वी मॉट स्ट्रीटवर एका दागिन्यांच्या दुकानाच्या मागच्या भागात चालत असे, आणि सोन्याच्या साखळ्यांच्या काचपेटीवरून पुढे गेल्याखेरीज पाव दिसत नसे. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्समध्ये मोबाइलच्या दुकानामागे तिबेटी मोमोंचे हॉटेल निघाले तेही याच गणिताने. म्हणून माझा साधा नियम असा की, ज्या बोळात दुपारी बारा वाजता पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या बायका शिरतात आणि दहा मिनिटांनी वाफाळलेले डबे घेऊन बाहेर पडतात, त्या बोळात आपणही शिरावे. कोणी हटकत नाही.

वेळेचेही भान ठेवा. सकाळी आठच्या सुमारास तांदळाची पेज आणि वाफवलेल्या तांदळाच्या गुंडाळ्या विकणाऱ्या जागा भरलेल्या असतात, त्याच दुपारी तीनला निर्जीव दिसतात आणि आपण उगाच त्यांना नावे ठेवून पुढे जातो. टेबलावर अनोळखी माणसासमोर बसवले तर गैर मानू नका; मुंबईच्या जुन्या इराण्याकडे बसत होतो तसेच आहे ते. शेजारच्याच्या ताटाकडे बोट दाखवून मागवणे हे इथे असभ्य समजत नाहीत, उलट समोरचा माणूस खूश होऊन आणखी एखादे नाव सांगतो. माझ्या निम्म्या शोधांचे श्रेय अशा समोर बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्यांना आहे.

मलेशियन आणि व्हिएतनामी जागांविषयी तुम्ही मुद्दाम विचारले आहे, तेव्हा त्या इथे का आहेत ते आधी सांगतो. या हॉटेलांचे मालक बहुधा मलेशियातले किंवा व्हिएतनाममधले चिनी वंशाचे लोक असतात; 1975 नंतर व्हिएतनाम सोडून आलेल्यांत चिनी वंशाची माणसे पुष्कळ होती, आणि त्यांना कँटनी बोलता येत असल्यामुळे या वस्तीत शिरकाव सोपा गेला. व्हिएतनामी फो, म्हणजे तांदळाच्या नूडल्सचे रश्शातले सूप, विकणारी हॉटेले बॅक्स्टर स्ट्रीटच्या आसपास, न्यायालयांच्या पाठीशी आहेत. ज्युरी म्हणून बोलावलेले न्यूयॉर्ककर दुपारच्या सुट्टीत तिथे येतात, म्हणून ती जेवणाच्या वेळी घाईची आणि संध्याकाळी निवांत असतात. तुम्ही संध्याकाळी जा. मलेशियन जेवणासाठी ग्रँड स्ट्रीटवरचे न्योन्या हे नाव सर्वश्रुत आहे. त्यापलीकडे जायचे असेल तर यादीतला लोकप्रिय भाग वगळून आसाम लाक्सा मागा. चिंचेच्या आंबट रश्श्यात माशाचा कुस्करा असलेला हा पदार्थ ज्याला नीट जमतो, त्याचे बाकीचेही नीट असते, असा माझा पडताळा आहे. सुरुवातीला रोटी चनाई जरूर घ्या. दक्षिण भारतातून मलायात गेलेल्या लोकांचा परोटा चिनी वंशाच्या आचाऱ्याने न्यूयॉर्कमध्ये उडवून, घड्या घालून भाजलेला पाहणे हा एक वेगळाच प्रवास आहे. सोबतच्या वाटीत मात्र बहुधा कोंबडीचा रस्सा असतो.

शोधण्याच्या साधनांपैकी एकच गोष्ट विस्ताराने सांगण्यासारखी आहे. इथल्या बहुतेक हॉटेलांना दोन नावे असतात, एक चिनी आणि एक इंग्रजी, आणि ती एकमेकांचे भाषांतर असतीलच असे नाही. नकाशावर एक नाव, पाटीवर दुसरे आणि पावतीवर तिसरे, असेही मी पाहिले आहे. म्हणून नावाऐवजी पत्ता जपून ठेवावा. इंग्रजीत ज्या जागेबद्दल जेमतेम वीस लोकांनी लिहिले आहे, तिच्याबद्दल श्याओहोंगशू या चिनी अॅपवर भरभरून लिहिलेले सापडते. तिथे रस्त्याचे नाव घालून शोधावे, फोटो पाहावेत आणि मजकूर फोनकडून भाषांतरित करून घ्यावा. भिंतीवर चिकटवलेल्या, फक्त चिनी अक्षरांतल्या कागदांवरही कॅमेरा धरा, कारण त्या दिवसाचे खास पदार्थ तिथेच असतात आणि छापील इंग्रजी यादीत ते कधीच येत नाहीत. यंत्राचे भाषांतर पुष्कळदा हास्यास्पद होते, परंतु मासा आहे की कोंबडी, एवढे कळायला ते पुरते.

दारावरच्या अक्षराबद्दलही लोक फार घाबरतात. 2010 पासून न्यूयॉर्क शहरात प्रत्येक हॉटेलाला आरोग्य तपासणीची श्रेणी दर्शनी भागात लावावी लागते. दोषांचे गुण 13 पर्यंत असले तर ए, 14 ते 27 असले तर बी आणि त्यावर सी. यात पदार्थांचे तापमान, हात धुण्याची सोय, भिंतीतली भोके असे सगळेच मोजले जाते. बी पाहून मी परत फिरत नाही, सी पाहून फिरतो. तुमची मर्यादा तुम्ही ठरवा. रोख पैसे मात्र जवळ असू द्या, कारण छोट्या जागी कार्ड घेत नाहीत, आणि टेबलावर वाढणारा माणूस असेल तर 15 ते 20 टक्के बक्षिसी ठेवायला विसरू नका.

राहिला आईंचा प्रश्न. नुसते भाज्यांचे आहे असे सांगून दिलेल्या पदार्थातही इथे कोंबडीचा रस्सा, कालवांचा सॉस किंवा डुकराची चरबी असू शकते. माझी आई आली होती तेव्हा तिने अर्धी वाटी सूप प्यायल्यावर मला हे कळले, आणि त्या संध्याकाळी ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. मलेशियन चटण्यांत जवळ्यासारख्या बारीक कोळंबीचा आंबवलेला गोळा असतो आणि व्हिएतनामी जेवणात मासे आंबवून केलेला पातळ सॉस जवळजवळ सगळीकडे असतो. म्हणून तुमच्या आईंना पुलाखाली जेवायला नेऊ नका, बौद्ध शाकाहारी हॉटेलात न्या. मॉट स्ट्रीटच्या अगदी सुरुवातीला असलेले बुद्ध बोधाई त्यांपैकी एक. विशेष म्हणजे चिनी बौद्ध परंपरेत कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीची उग्र वासाची कंदमुळे वर्ज्य आहेत, म्हणजे आपल्या चातुर्मासाचा नेम तिथे समजावून सांगावा लागत नाही, फक्त तसे हवे असल्याचे वाढणाऱ्याला आधी सांगायचे. कँटनी लोक या जेवणाला जाय म्हणतात आणि व्हिएतनामी लोक चाय. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. व्हिएतनामी हॉटेलात आईंनी चाय मागितला आणि शाकाहारी ताट आले तर दचकू नका. एक सावधगिरी बाळगा. अशा ठिकाणी गव्हाच्या सत्त्वापासून आणि सोयाबीनपासून केलेले पदार्थ बदकासारखे किंवा कोळंबीसारखे हुबेहूब दिसतात, आणि ताट समोर आल्यावर खुलासा करत बसण्यापेक्षा मागवतानाच टोफू, मशरूम आणि हिरव्या भाज्यांचे पदार्थ निवडलेले बरे.

जेवण झाल्यावर डिव्हिजन स्ट्रीटवरच्या फाँग ऑन या दुकानात जा. 1933 मध्ये मॉट स्ट्रीटवर सुरू झालेले हे टोफूचे घरगुती दुकान 2017 मध्ये बंद पडले होते, ते 2019 मध्ये त्याच कुटुंबाने नव्या जागेत पुन्हा उघडले. तिथे ऊन ऊन, खरवसासारखा थरथरणारा टोफू गोड पाकात घालून देतात, आणि तांदूळ आंबवून वाफवलेली, जाळीदार, पांढरी गोड वडीही मिळते. माझ्या आईने ती तोंडात टाकली, क्षणभर थांबली आणि हे तर सांदण आहे, पण फणसाशिवायचे, असे म्हणून आणखी दोन बांधून घ्यायला सांगितले. वड्या घेऊन कोलंबस पार्कात बसावे. दुपारी तिथे म्हातारे बुद्धिबळासारखा चिनी पट मांडून बसतात आणि कोणीतरी दोन तारांचे वाद्य वाजवत असते. परतताना कॅनॉल स्ट्रीटची गर्दी टाळून वर्थ स्ट्रीटने निघालात, तर आईंना वर्ल्ड ट्रेड सेंटरपर्यंत चालणे फारसे जड जाणार नाही.